साथ ओसरली, पण घरात आलेली बंदूक घरातच राहिली

मार्च २०२० आठवून पाहा. आपल्याकडे किराणा दुकानांपुढे चुन्याचे गोल आखले होते. तोंडाला रुमाल बांधून लोक पीठ, डाळ, तेल घ्यायला उभे राहत होते. मेडिकलसमोरही तशीच रांग. त्याच दिवसांत अमेरिकेतून येणाऱ्या बातम्यांमध्ये आणखी एक रांग दिसत होती. लॉस एंजेलिस परिसरात एका दुकानाबाहेर लोक फुटपाथवर लांबच लांब उभे होते. ते दुकान बंदुकांचं होतं.

आपल्यापैकी अनेकांनी ते दृश्य पाहिलं, 'अजब देश आहे' म्हटलं आणि विसरून गेलो. पण गोष्ट वाटते तितकी दूरची नाही. कोकणातल्या, पुण्या-मुंबईतल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज न्यू जर्सी, शिकागो, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहतात. कुणी आयटीत आहे, कुणी डॉक्टर, कुणी टॅक्सी चालवतो, कुणी दुकान. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण आलं की इथले अम्मी-अब्बा पाच-सहा महिन्यांसाठी तिकडे जातात आणि नातवंडं सांभाळतात. त्या देशातल्या घरात, शेजारच्या घरात, नातवाच्या मित्राच्या घरात कपाटात काय ठेवलंय हा प्रश्न म्हणून आपलाही आहे.

बंदूक घ्यावी की घेऊ नये, या अमेरिकेतल्या राजकीय वादात आम्ही पडत नाही. साथीच्या भीतीने लाखो घरांत बंदूक आली, साथ गेली, बंदूक मात्र तिथेच राहिली. तिचा सर्वात मोठा धोका कुणाला असतो आणि तो कमी कसा करायचा, एवढंच इथे नीट समजून घेऊ.

रांगा का लागल्या?

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना दुकानदाराला खरेदीदाराची चौकशी करावी लागते. त्यासाठी एफबीआयची एक संगणकीय यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. नाव टाकलं की त्या माणसावर गंभीर गुन्हा आहे का, कोर्टाने बंदी घातली आहे का, हे तपासलं जातं. मार्च २०२० या एका महिन्यात अशा ३७ लाखांहून अधिक चौकश्या झाल्या. तोवरचा तो विक्रम होता. तो जूनमध्येच मोडला. २०१९ मध्ये वर्षभरात सुमारे २ कोटी ८३ लाख चौकश्या झाल्या होत्या, २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ९६ लाखांच्या वर गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. एक चौकशी म्हणजे एक बंदूक असा हिशेब नसतो. काही राज्यांत परवान्याच्या नूतनीकरणासाठीही चौकशी होते, तर कधी एकाच चौकशीवर दोन बंदुका घेतल्या जातात. त्यामुळे हा आकडा विक्रीचा नेमका हिशेब देत नाही. पण वारं कुठल्या दिशेने वाहत होतं, ते त्यातून स्पष्ट दिसतं.

लोक का धावले? कारणं अनेक होती. दुकानांतली शेल्फं रिकामी झाली होती. काही शहरांत कैद्यांना तुरुंगातून लवकर सोडल्याच्या बातम्या येत होत्या. पोलीसच आजारी पडले तर मदतीला कोण येणार, अशी चर्चा होती. एप्रिलमध्ये बेरोजगारीचा दर १४ टक्क्यांच्या वर गेला. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि देशभर आंदोलनं पेटली. वर्षअखेरीला तणावाची निवडणूक होती. शिवाय विषाणू चीनमधून आला म्हणून पूर्व आशियाई चेहऱ्याच्या लोकांवर रस्त्यात हल्ले होऊ लागले, तेव्हा त्या समाजातले अनेकजण आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीच्या दुकानात गेले.

काही राज्यांनी लॉकडाऊनमध्ये ही दुकानं बंद केली, तेव्हा प्रकरणं कोर्टात गेली. २८ मार्च २०२० ला केंद्रीय अंतर्गत सुरक्षा खात्याने अत्यावश्यक कामगारांची जी मार्गदर्शक यादी काढली, तिच्यात बंदुकांचे उत्पादक आणि विक्रेतेही होते. बऱ्याच ठिकाणी दुकानं उघडी राहिली किंवा लवकरच पुन्हा उघडली.

पहिल्यांदाच बंदूक घेणारे

सर्वात महत्त्वाचा बदल खरेदीच्या आकड्यापेक्षा खरेदीदारांमध्ये होता. २०२२ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठं सर्वेक्षण छापून आलं. त्यानुसार जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात अमेरिकेतले सुमारे ७५ लाख प्रौढ पहिल्यांदाच बंदुकीचे मालक झाले. त्यांतल्या ५४ लाखांच्या घरात तोवर एकही बंदूक नव्हती. म्हणजे स्वतः विकत घेणाऱ्यांशिवाय त्यांच्या घरचे १ कोटी १० लाखांहून अधिक लोक पहिल्यांदा बंदुकीसोबत एका छताखाली राहू लागले. त्यांत ५० लाखांहून अधिक मुलं होती. नव्या मालकांपैकी निम्म्या स्त्रिया होत्या आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक लोकांचं प्रमाण जुन्या मालकांपेक्षा जास्त होतं.

ज्याच्या आजोबा-वडिलांपासून घरात शिकारीची बंदूक आहे, त्याला ती कशी हाताळायची, कुठे ठेवायची याची थोडीफार शिस्त घरातून मिळालेली असते. निदान तशी संधी तरी असते. साथीच्या काळात पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला ती नव्हती. प्रशिक्षणाचे वर्ग बंद, सराव केंद्रं बंद, दुकानदाराला बोलायला वेळ नाही. माणूस खोका घेऊन घरी आला. घरात शाळा बंद असल्यामुळे मुलं दिवसभर घरीच. नोकरीची चिंता, आजाराची भीती, चार भिंतींतली चिडचिड, आणि त्यात ही नवी वस्तू.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२० च्या उन्हाळ्यात पाहणी केली. साथीमुळे राज्यातल्या सुमारे १ लाख १० हजार लोकांनी बंदूक घेतल्याचा त्यांचा अंदाज आहे. त्याहून काळजीची बाब अशी की, सुमारे ५५ हजार मालकांनी साथीच्या भीतीने एक तरी बंदूक गोळ्या भरून, कुलपाशिवाय ठेवायला सुरुवात केली होती. अशा घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत मुलं होती.

भीती खरी होती, पण धोका कुठून आला?

भीतीला आम्ही हसत नाही. अमेरिकेतल्या मुस्लिमांना ती चांगली माहीत आहे. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलमध्ये तीन तरुण मुस्लिम विद्यार्थ्यांना शेजाऱ्याने त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जुम्म्याच्या नमाजला दोन मशिदींत ५१ जण मारले गेले. त्यानंतर जगभरातल्या मशिदींच्या दारात पहारा आला. मग एखादा बाप 'घरात काहीतरी असलेलं बरं' असं म्हणतो, तेव्हा त्यामागचं कारण समजतं.

पण भीती एका दाराकडे बघत असते आणि धोका दुसऱ्या दाराने येतो. २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ लोकांचा मृत्यू झाला. त्यांतले २४,२९२, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्येचे होते. खून होते १९,३८४. खुनांचा आकडा आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढला होता, ही गंभीर गोष्ट आहे. मात्र खरेदी वाढली म्हणूनच खून वाढले, असं सरळ गणित अभ्यासकांनी मांडलेलं नाही. त्या वर्षी एकाच वेळी अनेक गोष्टी घडत होत्या. घरातल्या बंदुकीचा घरातल्याच माणसांना किती धोका असतो, याचे पुरावे मात्र साथीच्या आधीपासून आहेत आणि भक्कम आहेत.

कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाख प्रौढांची १२ वर्षांची नोंद तपासणारा अभ्यास जून २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचा बंदुकीने आत्महत्या करून मृत्यू होण्याचं प्रमाण, पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट होतं. स्त्रियांमध्ये ते पस्तीसपट होतं. खरेदीनंतरचे पहिले काही दिवस सर्वात धोक्याचे ठरले. पण त्या गटातल्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाले. 'घेतली तेव्हा सगळं ठीक होतं' हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. ज्या भीतीने बंदूक घेतली ती भीती सहा महिन्यांत विसरली जाते, बंदूक मात्र तीस-चाळीस वर्षं चालते. मधल्या काळात घरात काय काय होतं? नोकरी जाते, तलाकची वेळ येते, कुणाला नैराश्य येतं, लहान मुलगा वयात येतो.

त्याच संशोधकांनी पुढे पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या, पण स्वतःची बंदूक नसलेल्या लोकांची नोंद पाहिली. त्यांचा खून होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून जास्त निघालं. घरातच जोडीदाराच्या गोळीने मारलं जाण्याचं प्रमाण तर सुमारे सातपट होतं, आणि असे बळी बहुतांश स्त्रियाच होत्या. जिच्या हिफाजतीसाठी बंदूक आणली, तिच्यावरच ती रोखली जाते. हे कटू आहे, पण खरं आहे.

काही मिनिटांची गोष्ट

'ज्याला मरायचंच आहे तो काहीही करून मरेल' असं आपल्याकडेही सर्रास म्हटलं जातं. हा समज चुकीचा आहे, आणि घातकही.

आत्महत्येचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये जवळजवळ जिवावर बेतलेल्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांशी संशोधक बोलले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश जणांनी सांगितलं की निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ गेला होता. आणि वेगवेगळ्या देशांतले अभ्यास सांगतात की प्रयत्नातून वाचलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे ती वेळ टळली तर माणूस बहुधा वाचतो.

बंदूक मात्र ती संधीच देत नाही. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांपैकी ८५ ते ९० टक्के प्राणघातक ठरतात. इतर बहुतेक मार्गांमध्ये माणसाला मन बदलायला, कुणाला हाक मारायला, दवाखान्यात पोचायला वेळ मिळतो. कुलूप, लांब ठेवलेली चावी, दुसरीकडे ठेवलेल्या गोळ्या यांचं काम म्हणजे ती पाच-दहा मिनिटं मिळवून देणं.

आपल्या उपखंडातही याच तत्त्वाचा पुरावा आहे. आपल्याकडे बंदुकीपेक्षा कीटकनाशकाने जास्त जीव जातात. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर खूप खाली आला. शेतकऱ्यांची दुःखं तेवढी कमी झाली होती असं नाही. पण त्या घडीला हाताशी असलेली वस्तू आधीइतकी जीवघेणी राहिली नव्हती.

'आमच्या मुलाला माहीतच नाही कुठे ठेवलीय'

हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. २००६ मध्ये अलाबामा राज्यातला एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आई-वडिलांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं. 'बंदूक कुठे आहे हे मुलाला ठाऊक नाही' असं ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालक मुलांच्या उत्तरावरून चुकीचे ठरले. 'मुलाने कधी हातही लावला नाही' म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांच्या मुलांनी हात लावल्याचं सांगितलं.

आपण आपलं बालपण आठवूया. ईदीचे पैसे अम्मी कुठे ठेवायची, मिठाईचा डबा कोणत्या कपाटावर असायचा, हे आपल्याला माहीत नव्हतं का? लपवणं आणि सुरक्षित ठेवणं यांत फरक आहे.

२०२१ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अमेरिकेत सुमारे ३ कोटी मुलं बंदूक असलेल्या घरांत राहतात. त्यांतली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत आहेत, जिथे किमान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलपाशिवाय असते. २०२० मध्ये १ ते १९ वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरली. रस्ते अपघातही मागे पडले. शाळांमधल्या हल्ल्यांचा अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने अभ्यास केला, तेव्हा बंदूक वापरणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाईकाच्या घरातून आणली होती.

साथीच्याच काळातलं एक उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतलं होतं. २०२४ मध्ये ज्युरीने आधी आईला, मग वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं आणि दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी पालकांना असं दोषी धरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ होती.

ठेवायचीच असेल तर कशी ठेवायची?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे. मुलं असलेल्या घरात बंदूक नसणं सर्वात सुरक्षित. असेलच तर कुलपात, रिकामी, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. २००५ मध्ये 'जामा'मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की, बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, गोळ्या कुलपात ठेवणं आणि गोळ्या दुसऱ्या जागी ठेवणं, या चारपैकी प्रत्येक सवयीमुळे मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती गोळीबाराचा धोका कमी होतो. चारही पाळल्या तर उत्तमच.

प्रत्यक्षात काय करायचं, ते असं :

१. बंदूक रिकामी आहे याची खात्री. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं नाही. एक गोळी आत चेंबरमध्ये राहू शकते. अनेक अपघात याच एका गोळीने होतात. ज्याला हे तपासता येत नाही, त्याने प्रशिक्षण घेईपर्यंत बंदुकीला हात लावू नये.

२. केबल लॉक किंवा ट्रिगर लॉक. केबल लॉकची तार बंदुकीच्या आतून जाते, त्यामुळे तिच्यात गोळी भरता येत नाही. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराने पिस्तूल विकताना सोबत कुलूप किंवा तत्सम साधन द्यावंच लागतं, असा २००५ चा कायदा आहे. अनेक पोलीस ठाण्यांत आणि माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत केबल लॉक फुकट मिळतं. पण हे कुलूप किमान पायरी समजावी. तार कापता येते आणि बंदूक उचलून नेता येते.

३. लॉकबॉक्स किंवा तिजोरी. 'चोर आला तर कुलूप उघडत बसू का?' हा नेहमीचा सवाल. त्यासाठी बोटाच्या ठशावर किंवा आकडे दाबून काही सेकंदांत उघडणाऱ्या पेट्या मिळतात. पेटी भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली असावी. मोठ्या बंदुकांसाठी जड तिजोरी लागते.

४. गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दोन्हींची चावी एकाच जुडग्यात असेल तर वेगळं ठेवण्याला अर्थ उरत नाही.

५. चावी आणि नंबर. मुलाची जन्मतारीख, लग्नाची तारीख, घराचा नंबर हे आकडे नकोत. चावी ड्रॉवरमध्ये किंवा दारामागच्या खिळ्यावर नको. ती मालकाच्या अंगावर असावी.

६. या जागा कधीच नकोत. उशीखाली, गादीखाली, बायकोच्या पर्समध्ये, कपाटावरच्या बुटांच्या खोक्यात, गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात.

बंदूक ही मालकाने इतरांच्या जिवाची पत्करलेली जबाबदारी आहे. 'परवाना आहे, माझा हक्क आहे' एवढ्यावर ती संपत नाही.

कायदा काय म्हणतो?

बंदूक घरात कशी ठेवावी याबाबत अमेरिकेत सगळ्या राज्यांना लागू होणारा एकच कायदा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक कुलपात ठेवणं १९९८ पासून सक्तीचं आहे. ओरेगॉनने २०२१ मध्ये तसा कायदा केला. ऑक्सफर्डच्या घटनेनंतर मिशिगननेही केला आणि तो फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झाला. मुलाच्या हाती बंदूक लागली तर मालकाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला होता. काही राज्यांत मात्र असं काहीच नाही. दुसरीकडे, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. त्याच निकालात राजधानी वॉशिंग्टनचा, घरातली बंदूक कायम सुटी किंवा कुलूपबंद ठेवण्याचा नियमही रद्द झाला. म्हणून नातेवाईक ज्या राज्यात राहतो, तिथला नियम त्याने स्वतः पाहावा.

खरेदीनंतर काही दिवस थांबण्याची सक्ती हाही राज्याराज्याचा विषय आहे. मार्च २०२१ मध्ये अटलांटा परिसरात स्पा सेंटरांवर हल्ला करून आठ जणांना मारणाऱ्या २१ वर्षांच्या तरुणाने पिस्तूल त्याच दिवशी विकत घेतलं होतं. मृतांमध्ये सहा आशियाई वंशाच्या महिला होत्या. जॉर्जिया राज्यात थांबण्याचा नियम नव्हता.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक महत्त्वाची बाब. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला अमेरिकी केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डधारकांसाठी नियम वेगळे आहेत. 'मित्राच्या नावावर घेऊ, ठेवू आपल्या घरी' हा मार्ग तर सरळ गुन्ह्याचा आहे. नोकरी, व्हिसा आणि पुढचं सगळं आयुष्य पणाला लागू शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय कुणी या भानगडीत पडू नये.

घरात कुणाचं मन ठीक नसेल तर

कुणी खूप खचलंय, व्यसनात अडकलंय, घरात मारहाण होतेय किंवा वाढत्या वयाचा मुलगा एकदम गप्प झालाय, तर अशा वेळी घरातलं कुलूपही पुरेसं नाही. बंदूक काही काळ घराबाहेर गेली पाहिजे. अमेरिकेत काही दुकानं, सराव केंद्रं आणि पोलीस ठाणी ती तात्पुरती ठेवून घेतात. कोलोरॅडो राज्यात अशा जागांचा ऑनलाइन नकाशाही आहे. नातेवाईकाकडे द्यायची असेल तर आधी राज्याचा नियम पाहावा, कारण काही ठिकाणी त्यासाठीही चौकशी लागते. माणूस ऐकतच नसेल आणि धोका स्पष्ट दिसत असेल, तर वीसहून अधिक राज्यांत कोर्टाकडून तात्पुरता जप्तीचा आदेश घेता येतो.

आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. आपल्याकडे निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. वातावरण तापलेलं असताना हत्यार हाताशी नको, हा त्यामागचा विचार. घरातलं वातावरण तापलेलं असतानाही तेच खरं नाही का?

फोनवर विचारायचं कसं?

सर्वात अवघड काम हेच आहे. 'बेटा, तुझ्या घरात बंदूक आहे का?' हे विचारणं म्हणजे संशय घेणं असं आपल्याला वाटतं. त्यातून मुलगा मोठा, कमावता, परदेशी.

मग सोपी वाट घ्या. सुनेच्या बाळंतपणाला जाणाऱ्या अम्मीने तिकीट काढतानाच विचारावं, 'मी दिवसभर नातवाला सांभाळणार. घरात औषधं, ॲसिड, हत्यार, काही असेल तर ते कुलपात आहे ना?' औषधांसोबत विचारलं की प्रश्न टोचत नाही. नातू मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल तर त्याच्या आई-वडिलांनी त्या घरीही विचारावं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पालकांना हे आवर्जून सांगतात. घरात कुत्रा आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, हे विचारतो तसंच बंदूक कुलपात आहे का, हेही. समोरच्याला राग आला तरी चालेल.

आणि मुलांना एवढं शिकवावं : बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघून जा, मोठ्यांना सांग. पण या शिकवणीवर विसंबून बंदूक उघडी ठेवू नये. सहा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलावर मोठ्यांची हिफाजत टाकणं न्यायाचं नाही.

कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनीच घाबरून काही ना काही साठवलं. कुणी तांदूळ, कुणी सॅनिटायझर, कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर. ते संपलं, फेकलं, परत दिलं. ज्यांनी बंदूक आणली, त्यांच्या घरी ती अजून आहे. ती आणताना जी भीती होती, ती आज उरली आहे का, हे त्यांनी स्वतःला एकदा विचारावं. उरली नसेल तर ती कायदेशीरपणे परत करण्याचे, विकण्याचे मार्ग आहेत. उरली असेल तर आज रात्री झोपण्याआधी कुलूप आणि चावी तपासावी.

येत्या जुम्म्याला किंवा रविवारी तिकडच्या मुलाशी, भावाशी, भाचीशी व्हिडिओ कॉल होईलच. खैरियत विचारताना हा एक प्रश्नही विचारा.

*मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा घरात कुणाबद्दल तशी शंका असेल, तर एकटे राहू नका. भारतात 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो.*